पाटीचीं अक्षरें कापणारें यंत्र
(नभोवाणीवरील भाषण)



आपल्यापैकीं बहुतेकांचा दुकानाच्या पाटीशीं संबंध ती वाचण्यापुरताच येतो. रस्त्यानें जातांना 'किराणा व धान्य भांडार' किंवा 'दंतवैद्य' हीं अक्षरें डोळ्यांना दिसतात. तीं कोणीं घातलीं व कशीं घातलीं हा विचार मनांत येत नाहीं, आणि येण्याचें कारणहि नाहीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत भंडाऱ्यास एका स्नेह्यांच्या घरीं तीन दिवस राहण्याचा योग आला, आणि त्या तीन दिवसांत त्या घरांत दुसरा विषयच नव्हता. बाप चाळीस वर्षें हातांत कुंचला धरून पाट्या रंगविणारा. मुलगा पंचविशींतला, संगणक शिकलेला. मुलाला कर्ज काढून अक्षरें कापणारें यंत्र, म्हणजे व्यापारी ज्याला 'कटिंग प्लॉटर' म्हणतात तें, विकत घ्यावयाचें होतें. कोणतें घ्यावें यावर बापलेकांत वाद होता; आणि मुळींच घेऊं नये असें म्हणणारें एक तिसरें मतहि त्या घरांत होतें. तें आईचें. मुलानें पसंत केलेल्या यंत्रासाठीं राहतें घर तारण ठेवावें लागणार होतें, म्हणून त्या माउलीचें मत मला तिघांत वजनदार वाटलें.

मी बाहेरचा, आणि त्यांतून आयुष्यभर यंत्रविद्या शिकवीत आलेला. तेव्हां दोघांनींहि मला पंच नेमलें. त्या निमित्तानें जें पाहिलें, चार दुकानांत हिंडून जें विचारलें, तें आज आपल्यापुढें मांडतों. नात्यांतला एखादा तरुण उद्यां हाच बेत घेऊन आपल्याकडे आला, तर त्याला कोणते प्रश्न विचारावे एवढें तरी आपल्याला ठाऊक असावें.

प्रथम नांवाचा घोटाळा मिटवूं. आमच्याकडे या धंद्याला 'रेडियमचें काम' म्हणतात. मोटारसायकलीवर देवाचें नांव घालावयाचें असो कीं दवाखान्याच्या कांचेवर डॉक्टरांच्या पदव्या, लोक 'रेडियम लावून द्या' असेंच सांगतात. क्यूरी दांपत्यानें १८९८ सालीं शोधून काढलेल्या त्या धातूचा एक कणहि या कामांत नसतो. अंधारांत चमकणाऱ्या घड्याळांच्या कांट्यांना एके काळीं खरोखरीच रेडियमचा रंग देत असत. पुढें मोटारीच्या दिव्यांत लखलखणारा चिकट कागद बाजारांत आला, तेव्हां लोकांनीं तेंच नांव त्याला बहाल केलें असावें. वास्तविक तो कागद स्वतः प्रकाश देत नाहीं, आलेला प्रकाश परत पाठवितो. आणि साधें रंगीत व्हिनाइल तर तेंहि करीत नाहीं. पण लोकांनीं एकदां नांव ठेविलें म्हणजे रसायनशास्त्राचें तेथें कांहीं चालत नाहीं.

हें व्हिनाइल म्हणजे पी.व्ही.सी.चा पातळ रंगीत पापुद्रा. त्याच्या पाठीला गोंद, आणि गोंदाला गुळगुळीत कागदाचें अस्तर. पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी. यंत्राचें काम एवढेंच कीं, वरचा पापुद्रा अक्षराच्या कडेकडेनें कापावा आणि खालच्या अस्तराला मात्र इजा करूं नये. नंतर माणसानें अक्षराभोवतीचा नको तो भाग सोलून काढावयाचा, उरलेल्या अक्षरांवर दुसरा चिकट कागद दाबून तीं सगळीं एकदम उचलावयाचीं, आणि पाटीवर नेऊन बसवावयाचीं. नकाशे व यंत्रांच्या आकृत्या काढण्यासाठीं पूर्वी जें लेखणीचें यंत्र वापरीत, त्याचाच हा वंशज. लेखणीच्या जागीं सुरी आली इतकेंच. अमेरिकेंतल्या गर्बर कंपनीनें १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच पाट्या करणाऱ्यांच्या हातीं असें यंत्र दिलें. पुढें रोलंड, ग्राफटेक, मिमाकी या जपानी कंपन्यांनीं तें नांवारूपास आणलें, आणि अलीकडे चिनी यंत्रांनीं लहान गांवांच्या आवाक्यांत आणून ठेविलें.

आतां बापलेकांचा वाद. मुलाचा ओढा चार फुटी यंत्राकडे होता. 'एकदांच घ्यावयाचें तर मोठेंच घ्यावें' हें त्याचें म्हणणें. बाप म्हणे, दोन फुटी पुरे. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. व्हिनाइलची गुंडाळी यंत्रांतून पुढेंमागें सरकते आणि सुरी आडवी धावते. म्हणजे पाटी वीस फूट लांब असली तरी त्याचें यंत्राला बंधन नाहीं. बंधन आहे तें उंचीचें. दोन फुटी यंत्रावर जवळजवळ दोन फूट उंच अक्षर निघतें असें माहितीपुस्तकांत लिहिलेलें असतें, आणि रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांपुरतें तें खरेंहि आहे. देवनागरीचा संसार मात्र तीन मजली. मधल्या मजल्यावर अक्षराचें अंग. माडीवर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार. तळघरांत उकार आणि ऋकार. 'मूर्ति' हा दोन अक्षरांचा शब्द घेतला तरी तिन्ही मजले भरतात. अंगाची उंची बारा इंच धरली, तर वरखालच्या पसाऱ्यासह शब्द वीस-बावीस इंचांवर जातो. तेव्हां मराठी पाटीपुरतें दोन फुटी यंत्र हें एक फुटीच समजावें. हा हिशेब मला त्या वृद्ध रंगाऱ्यानें भिंतीवर खडूनें काढून दाखविला. माहितीपुस्तकांत तो नाहीं.

मग एक फूट पुरेल काय? पाट्या करणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे कीं, अक्षराच्या एका इंचामागें दहा फुटांवरून तें सुखानें वाचतां येतें. बारा इंचांचें अक्षर झालें तर एकशेंवीस फूट. भंडाऱ्याच्या बाजारपेठेंत एवढ्या अंतरावरून कोणी पाटी वाचीत नाहीं. महामार्गावरच्या ढाब्यांना याहून मोठीं अक्षरें लागतात, परंतु तेथें आज छापील फ्लेक्स किंवा आंतून दिवा लावलेलीं उठावाचीं अक्षरें असतात. कापलेल्या व्हिनाइलला तेथें फारसें काम नाहीं. आणि क्वचित् लागलेंच, तर अक्षर दोन तुकड्यांत कापून जोडतां येतें. या मुद्द्यावर मीं बापाच्या बाजूनें कौल दिला. मुलगा थोडा हिरमुसला.

देवनागरी अक्षराचा हा विचार निव्वळ हौसेचा नव्हे. महाराष्ट्रांतल्या दुकानें व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन, दहापेक्षां कमी नोकर असलेल्या दुकानांनाहि मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरें आरंभीं असावीं आणि इतर लिपींतल्या अक्षरांहून लहान नसावीं असेंहि त्यांत सांगितलें आहे. व्यापाऱ्यांचा एक संघ न्यायालयांत गेला, परंतु सर्वोच्च न्यायालयानें २५ सप्टेंबर २०२३ रोजीं पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. येथें संगणकावर काम करणारे नवशिके हमखास फसतात. पडद्यावर दोन्ही लिपींना एकच आकडा दिला, कीं अक्षरें सारखीं झालीं असें त्यांना वाटतें. तसें होत नाहीं. पुष्कळ देवनागरी वळणांत वेलांटी-उकारांना जागा ठेवावी लागते, म्हणून त्याच आंकड्याला अक्षराचें अंग रोमनपेक्षां ठेंगणें निघतें. मोजावयाचें तें पट्टीनें, आंकड्यानें नव्हे.

आपल्या लिपीची खरी परीक्षा शिरोरेषेवर होते. संगणकांत प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा बरोबर घेऊन येतें, आणि शेजारच्या अक्षराच्या तुकड्यावर तो किंचित् चढलेला असतो. छापतांना तें दिसत नाहीं. शाईवर शाई पडते. सुरीला मात्र प्रत्येक रेषा ही कापण्याची आज्ञा. दोन अक्षरांच्या सीमेवर ती शिरोरेषा चिरते, कान्याच्या डोक्यावर चिरते, आणि 'नारायण' या शब्दाचे डझनभर तुकडे हातांत येतात. यावर उपाय सोपा आहे: कापण्यापूर्वीं सर्व अक्षरें एकमेकांत विलीन करून त्यांची एकच बाह्यरेषा करावी. कोरलड्रॉमध्यें ही सोय आहे, आणि इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमांतहि आहे. पण स्वस्त यंत्राबरोबर येणारा कापण्याचा कार्यक्रम कित्येकदां मराठी जोडाक्षरें जुळवूं शकत नाहीं. 'क्ष' चे अवयव सुटे होतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरामागें जाते. म्हणून यंत्र पाहावयास जातांना आपला मजकूर आपण न्यावा. विक्रेता नेहमीं आपल्या कंपनीचें इंग्रजी नांव कापून दाखवितो, आणि तें अर्थातच सुंदर निघतें. आम्हीं 'ज्ञानेश्वर', 'भंडाऱ्याची मूर्ति' आणि 'शृंगार' असे शब्द नेले होते. एका दुकानांत त्यावर पुष्कळ सारवासारव झाली.

एकदां शिरोरेषा नीट जुळली, कीं तीच मोठी सोय होते. सबंध शब्द एका काठीला टांगल्यासारखा एकसंध राहतो. सोलतांना व उचलतांना अक्षरें विस्कटत नाहींत. रोमन लिपीला हें सुख नाहीं. आपल्या ब्राह्मीलाहि नव्हतें. भंडारा जिल्ह्यांतल्याच पवनी येथें १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं उत्खनन केलें, त्यांत बौद्ध स्तूपांचे अवशेष आणि ब्राह्मी लेख असलेले दगड निघाले. दान देणाऱ्यांचीं नांवें छिन्नीनें कोरणाऱ्या त्या कारागिरांचें प्रत्येक अक्षर सुटें. व्हिनाइलच्या धंद्यांत ते फार कंटाळले असते. मात्र आपल्याहि लिपींत एक सुटा जीव आहेच. तो म्हणजे अनुस्वार. अंगानें लहान, गोंद बेताचा. सोलतांना नकळत कचऱ्याबरोबर जातो.

यंत्राच्या अंतरंगांत दोन गोष्टी पाहाव्या. पहिली मोटर. स्वस्त यंत्रांत जी मोटर असते ती ठराविक टप्प्यांनीं फिरते. इतके टप्पे जा म्हटलें कीं जाते, पण खरोखर पोंचली कीं नाहीं हें तिला कळत नाहीं. गुंडाळी अडखळून एखादा टप्पा चुकला, तर पुढचें सगळें काम तितकें सरकलेलें. महागड्या यंत्रांत सर्व्हो मोटर असते; ती आपण कोठें आहों हें क्षणोक्षणीं तपासते, वळणें मऊ काढते आणि आवाजहि कमी करते. 'क' आणि 'ळ' यांच्या वाटोळ्या पोटांत हा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. टप्प्यांच्या मोटरीचें यंत्र वाईट असें मी म्हणत नाहीं. सावकाश चालविलें तर कित्येक वर्षें काम देतें. पण ज्याला रोज आठ तास कापावयाचें आहे, त्याला सावकाशपणाचेंहि मोल द्यावें लागतें.

दुसरी गोष्ट गुंडाळी सरळ ओढण्याची. खरखरीत रूळ आणि वरून दाबणारीं रबरी चाकें यांच्यामध्यें व्हिनाइल धरलेलें असतें. दहा फूट पुढें जाऊन तें परत त्याच जागीं आलें पाहिजे. याची परीक्षा फुकट होते. सुरीच्या जागीं लेखणी बसवावी, तीन मीटर लांब चौकट काढावयास सांगावें, आणि तीच चौकट तिच्यावरच आणखी दोनदां काढावी. तीन रेषा एकीवर एक बसल्या तर यंत्र सरळ चालतें. रेषांचा पदर सुटला तर विक्रेत्याच्या कोणत्याहि आश्वासनावर जाऊं नये. पावसाळ्यांत व्हिनाइलचें कागदी अस्तर दमटपणा पिऊन फुगतें, तेव्हां मूळचें तिरपें यंत्र आणखी तिरपें चालतें. म्हणून ही परीक्षा कोरड्या दिवसांत घेतली असेल तर निकाल कडकच द्यावा.

सुरीविषयीं थोडक्यांत. तिचें टोंक आपल्या आंसापासून पाव मिलिमीटरभर बाजूला असतें, आणि हातगाडीच्या फिरत्या चाकासारखी ती ओढली जाते त्या दिशेला वळते. म्हणून कोपऱ्यावर ती गोलाई मारूं पाहते. कान्याला शिरोरेषा मिळते तेथें आपल्याला कांटकोन हवा. तो यंत्राला ही पाव मिलिमीटरची चूक आधीं सांगून ठेवल्यानेंच मिळतो. नवशिके सुरी फार बाहेर काढून ठेवतात. तिचें पातें व्हिनाइलच्या जाडीहून किंचितच अधिक बाहेर असावें. अस्तर उलटून पाहिलें तर पुसटशी खूण दिसावी, चीर दिसूं नये. साध्या व्हिनाइलला पंचेचाळीस अंशांची धार, आणि जाड चमकत्या कागदाला साठ अंशांची.

येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. 'प्लॉटर कशाला, लेसर यंत्र घ्या. तें ॲक्रिलिकहि कापील आणि व्हिनाइलहि' असा सल्ला मुलाला एकानें दिला होता. ॲक्रिलिक लेसरनें सुरेख कापलें जातें. परंतु व्हिनाइल म्हणजे पी.व्ही.सी.; तें जळतांना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक, आणि ओलाव्याशीं मिळून यंत्राचें लोखंडहि खातो. बंद दुकानांत असला प्रयोग कोणींहि करूं नये.

कापड जसें पाहून घ्यावें, तसें व्हिनाइलहि पाहून घ्यावें. लाटून केलेलें स्वस्त व्हिनाइल कालांतरानें आकसतें; अक्षर आंत ओढलें जातें आणि कडेला काळा, चिकट गोंद उघडा पडतो. विदर्भाच्या उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो, आणि बंद लोखंडी शटर तर त्याहून कितीतरी तापतें. तेथें स्वस्त माल एक-दोन उन्हाळ्यांतच आपले गुण दाखवितो. ओतून केलेलें व्हिनाइल अधिक पातळ, अधिक महाग आणि फार कमी आकसणारें. गिऱ्हाइकाला हा भेद सांगावा, आणि पावतीवर मालाची जात लिहावी. एवढ्यानें निम्मीं भांडणें टळतात.

आतां आईचा प्रश्न: काम मिळेल का? तिनें तो मला स्वयंपाकघराच्या दारांत उभें राहून विचारला, आणि उत्तर देतांना मला वेळ लागला. मराठी पाट्यांच्या मुदतीच्या वेळीं जी झुंबड उडाली, ती ओसरली आहे. त्या महिन्यांच्या मिळकतीवर हप्त्यांचा हिशेब बसविणें ही शुद्ध आत्मवंचना. गाड्यांचे नंबर घालणें हें या दुकानांचें एके काळीं भरवंशाचें काम होतें. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या सरकारी नमुन्याची उंचसुरक्षा पाटी घेऊनच येतात, आणि २०२५ सालीं महाराष्ट्रांत जुन्या गाड्यांनाहि ती बसविण्याचें काम मोठ्या प्रमाणावर चाललें. तेव्हां तें उत्पन्न गेलें असेंच समजावें. मोठ्या पाट्या फ्लेक्सनें नेल्या. उरलें काय? दवाखाने व कचेऱ्या यांच्या कांचा, शाळेच्या बसगाड्या, घरांच्या नांवाच्या पाट्या, छापील चित्र खुणा पाहून कडेनें कापून देणें, आणि खेळाडूंच्या सदऱ्यांवरचीं नांवें. यांतल्या चित्र कापण्यासाठीं यंत्राला खुणा ओळखणारा डोळा असावा लागतो. मीं तो आग्रहानें घ्यावयास लाविला, कारण चार फुटी रुंदीपेक्षां हा डोळा अधिक कमवून देईल.

आणखी दोन कामें बापानें सुचविलीं, आणि तीं मला सर्वांत मोलाचीं वाटतात. व्हिनाइलमधून अक्षरें सोलून काढावीं आणि भोवतालचा भाग भिंतीवर चिकटवून मधल्या जागेंत कुंचल्यानें रंग भरावा; व्हिनाइल काढून घेतलें कीं ऊनपाऊस सोसणारी रंगाची पाटी तयार. दुसरें काम भंडाऱ्याच्या खास पितळेचें. आपल्या घरांतून भांड्यांवर नांव घालण्याची चाल आहेच. पितळी पत्र्यावर असाच व्हिनाइलचा सांचा चिकटवून फेरिक क्लोराइडच्या द्रावणांत ठेविला, तर उघडें पितळ झिजतें आणि अक्षर खोल उतरतें. ज्या शहराला लोक पितळेचें शहर म्हणतात, तेथें दारावर पितळी पाटी लावणारे निघतील, असा त्या गृहस्थांचा भरंवसा. द्रावण मोरींत ओतूं नये, एवढें मीं त्यांना बजावलें; त्यांत तांबें उतरलेलें असतें.

शेवटीं दोन फुटी, सर्व्हो मोटरीचें, खुणा ओळखणारें यंत्र ठरलें. तेंहि ज्याचा दुरुस्ती करणारा माणूस साठ किलोमीटरवर नागपुरांत बसतो त्याच्याकडून. पातीं, रबरी चाकें आणि सुरीखालची पट्टी हीं झिजणारींच. तीं मागविल्यावर किती दिवसांत मिळतात हें आम्हीं त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारून घेतलें, त्याला विचारलें नाहीं. विजेच्या चढउतारासाठीं बॅटरीची पेटी आणि कोरलचा परवाना धरूनहि रक्कम चार फुटी यंत्राच्या निम्म्याच्या आंत बसली. कांहीं बापानें साठविलेले पैसे घातले, उरलेलें कर्ज हप्त्यांनीं फेडण्याजोगें होतें. घर तारण ठेवावें लागलें नाहीं.

परवां मुलाचा फोन आला. पहिली पाटी वैनगंगेचें नांव घेतलेल्या एका दुकानाची होती. कापणें उत्तम झालें, शिरोरेषा अखंड उतरली, पाटी संध्याकाळीं चढली. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुकानदार दारांत हजर. अनुस्वार कचऱ्यांत गेला होता आणि नदीची 'वैनगगा' झाली होती. व्हिनाइलची नवी टिकली कापावयास मुलानें यंत्र सुरू केलें, तोंवर बाप शिडी घेऊन निघाले होते. त्यांनीं कुंचल्यानें तो ठिपका देऊन टाकला, आणि तो अजून तसाच आहे.